रामानुजन यांनी मागितलेली आणि न मागितलेली मदत



मदत मागण्याविषयी आपल्याकडे दोन म्हणी आहेत आणि त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. एक म्हण सांगते, मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. दुसरी सांगते, झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिली म्हणते, तोंड उघड. दुसरी म्हणते, मूठ उघडू नकोस. आपल्या गावातून शिकायला बाहेर पडलेली मुले या दोन म्हणींच्या कात्रीत नेमकी सापडतात.

मुलगा किंवा मुलगी गावच्या शाळेत पहिली आलेली असते. तालुक्याला, जिल्ह्याला नाव काढलेले असते. पदवी पदरात पडते आणि मग पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला किंवा नागपूरला एखाद्या विद्यापीठात संशोधन सुरू होते. तिथे आयुष्यात पहिल्यांदाच असे होते की, पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेले नसते. एक महिना जातो, दोन महिने जातात, काम जागचे हलत नाही. मार्गदर्शकांना विचारावे, तर 'एवढंही येत नाही का?' असे म्हणतील ही धास्ती. न विचारावे, तर वर्ष वाया जाते. आणि घरून फोन आला की उत्तर ठरलेले : 'सगळं ठीक आहे.'

मग विचारावे तरी केव्हा? कोणाला? आणि कसे? या प्रश्नांची उत्तरे उपदेशाने देण्यापेक्षा एका माणसाच्या चरित्रातून शोधली तर अधिक बरे. हा माणूस म्हणजे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या बुद्धीच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज मी त्यांच्या बुद्धीविषयी फारसे बोलणार नाही. त्यांनी कोणापाशी काय मागितले, आणि जे मागायला हवे होते ते कुठे मागितले नाही, एवढेच आज पाहू.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तमिळ मुलखातल्या इरोड गावी, आजोळी झाला. घर कुंभकोणमचे. वडील कापडाच्या दुकानात कारकून. आई देवळात भजने म्हणायची, त्याचे चार पैसे मिळायचे. शाळेत असताना, १९०३ च्या सुमारास, कार नावाच्या इंग्रज लेखकाचे एक जाडजूड गणिताचे पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यात जवळजवळ पाच हजार सिद्धांत ओळीने मांडलेले होते, पण सिद्धता मात्र बहुतेक ठिकाणी नव्हती किंवा अगदी त्रोटक होती. हा मुलगा एकेक सिद्धांत आपला आपण सिद्ध करीत सुटला. कागद महाग. म्हणून सगळी आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची, आणि हाती आलेले अखेरचे उत्तर तेवढे वहीत टिपायचे. ही पाटीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

गणिताने असे झपाटल्यावर दुसऱ्या विषयांचे काय व्हायचे ते झाले. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली होती, ती इंग्रजीत नापास झाल्यामुळे गेली. पोरगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. कोणाजवळ एक शब्द बोलला नाही. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. तिथे १९०६ साली आवेने आजारी पडून घरी परतावे लागले. परीक्षेत पुन्हा नापास, आणि १९०७ साली आणखी एकदा नापास. पदवी नाही, नोकरी नाही. १९०९ साली लग्न झाले. आता हातपाय हलवणे भागच होते.

इथून त्यांच्या मागण्याला सुरुवात होते. १९१० साली ते तिरुकोविलूर इथे व्ही. रामस्वामी अय्यर यांना भेटायला गेले. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर होते, पण त्यांची दुसरी ओळख अशी की, १९०७ साली भारतीय गणितज्ञांची पहिली संस्था त्यांनी काढली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी म्हणून ओळखली गेली. आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे सांगतो. या संस्थेचे ग्रंथालय बरीच वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होते. त्या वेळी तिथे प्राचार्य होते रँग्लर परांजपे; कोकणातल्या मुर्डी गावचे आणि केंब्रिजला १८९९ साली गणितात पहिले आलेले. म्हणजे रामानुजन ज्या दारी गेले त्या घराची एक खिडकी आपल्या पुण्यात उघडत होती.

तर रामानुजन यांनी अय्यरांपाशी मागितले काय? कचेरीतली एक साधी कारकुनी. पण मागताना त्यांनी आपली वही पुढे ठेवली. अय्यरांनी वही चाळली आणि ते विचारात पडले. या माणसाला महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर बसवले तर त्याची बुद्धी तिथेच गुदमरेल, असे त्यांना वाटले. त्यांनी नोकरी दिली नाही. त्याऐवजी मद्रासच्या जाणकार माणसांच्या नावे ओळखीचे पत्र दिले. पाहा हं, मागणी लहान होती. पण कामाचा पुरावा सोबत असल्यामुळे ऐकणाऱ्याला खरी गरज कळली. नुसता अर्ज घेऊन गेले असते, तर कदाचित कारकुनी मिळाली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

या पत्रांच्या साखळीने ते त्याच वर्षाच्या अखेरीस नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रावांना गणिताची आवड होती. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, पहिल्यांदा हा कळकट कपड्यांचा, दाढी वाढलेला तरुण काय म्हणतो ते त्यांना उमगलेच नाही. भेट निष्फळ झाली म्हणून रामानुजन खचले नाहीत. पुन्हा गेले. आणि या खेपेला त्यांनी एक शहाणपण केले. आधी आपले सोपे निष्कर्ष दाखवले. ते रावांना पटले, तेव्हा पुढची पायरी. ती पटली, तेव्हा त्याच्या पुढची. असे बोट धरून त्यांनी रावांना अवघड विषयापर्यंत नेले. अखेर रावांनी विचारले, 'तुम्हाला हवंय तरी काय?' उत्तर आले, पोटापुरते मिळावे, म्हणजे संशोधन करता येईल. राव त्यांना दरमहा २५ रुपये देऊ लागले.

शिक्षकमंडळींना इथे एक गोष्ट पटेल. आपली अडचण दुसऱ्याला सांगताना आपण जिथे अडलो आहोत तिथूनच एकदम सुरुवात करतो, आणि समोरचा गोंधळतो. तो जिथे उभा आहे तिथून सुरुवात करावी लागते. मागणाऱ्यालाही थोडेसे शिक्षक व्हावे लागते.

हे पैसे रामानुजन फार दिवस घेत राहिले नाहीत. कुणावर भार होऊन राहणे त्यांना रुचेना. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात ३० रुपये पगारावर कारकून झाले. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणित जाणणारे. रात्री दोघे पाट्या घेऊन बसत. १९११ पासून रामानुजन यांचे लेखही त्या सोसायटीच्या नियतकालिकात छापून येऊ लागले होते. तेव्हा काम बरे चालले होते. मग विलायतेला पत्रे पाठवायची गरज काय पडली?

गरज ही की, मद्रासमध्ये आता त्यांचे काम तपासू शकेल असा माणूस उरला नव्हता. सगळे कौतुक करीत होते, पण 'हे बरोबर, हे चूक' असे छातीठोक सांगणारा कोणी नव्हता. विद्यार्थिदशेतल्या संशोधकाने ही खूण ओळखावी. आपल्याभोवती नुसते कौतुक उरले आणि तपासणारा कोणी राहिला नाही, की बाहेर विचारायची वेळ झाली.

१९१२ च्या अखेरीस मद्रासच्या एका इंग्रज प्राध्यापकाने त्यांचे काम लंडनच्या प्राध्यापक हिल यांच्याकडे पाठवले. हिल यांनी दोष दाखवले, अमुक पुस्तक वाचा म्हणून सांगितले. केंब्रिजच्या दोघा नामांकित गणितज्ञांकडूनही काही मदत मिळाली नाही. तीन दारे झाली. चौथे पत्र त्यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना लिहिले.

हार्डीच का? तर हार्डींची एक छोटी पुस्तिका रामानुजन यांच्या वाचनात आली होती. तीत म्हटले होते की, दिलेल्या संख्येपर्यंत मूळ संख्या किती, हे नेमके सांगणारे सूत्र अजून सापडलेले नाही. मूळ संख्या म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा, ज्यांना दुसऱ्या कशाने भाग जात नाही त्या. रामानुजन यांना वाटले, हे सूत्र आपल्याला सापडले आहे. म्हणजे त्यांनी मोठे नाव पाहून पत्र टाकले नाही. ज्याने तोच प्रश्न विचारला आहे, त्याला त्याच प्रश्नाविषयी लिहिले.

हे पत्र आजही उपलब्ध आहे. त्यातले इंग्रजी नीट करण्यात मद्रासच्या वडीलधाऱ्यांचा हात असावा, असे हार्डींनाही वाटले होते. असेना! पत्र लिहायलासुद्धा मदत घेतली, तर त्यात गैर ते काय? पत्राचा आशय थोडक्यात असा. आपण कोण, तर वर्षाला अवघे २० पौंड पगार मिळवणारा पोर्ट ट्रस्टचा कारकून. शिक्षण किती, तर शाळेचे. विद्यापीठाची पदवी नाही. केले काय, तर हे सोबतचे कागद. त्यात शंभराहून अधिक निष्कर्ष लिहिलेले होते. हवे काय, तर यात काही मोलाचे आढळले तर छापून यावे अशी इच्छा आहे आणि आपण नवखे असल्यामुळे सल्ला मिळाला तर उपकार होतील. बस्स. दीनवाणेपणा नाही, बढाई नाही, आणि अज्ञान लपवलेले नाही.

हार्डींना पहिल्यांदा वाटले, हा कुणी वेडा किंवा लबाड असावा. पण कागद डोक्यातून जाईनात. रात्री त्यांनी आपले सहकारी लिटलवुड यांना बोलावले आणि दोघे ते सूत्रांचे कागद घेऊन बसले. उठले तेव्हा त्यांची खात्री पटली होती की हा माणूस असामान्य आहे. ८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर लिहिले : मला सिद्धता पाठवा.

आणि इथे ती पाटी आडवी आली. सिद्धता कोपराने पुसली गेली होती! शिवाय ज्याला आपण 'रीतसर सिद्धता' म्हणतो ती कशी लिहायची, हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. २७ फेब्रुवारीला त्यांनी उत्तर धाडले. तुमच्या रूपाने मला सहानुभूतीचा मित्र भेटला, असे म्हणून त्यांनी स्पष्ट लिहिले की आपण अर्धपोटी आहोत, आणि डोके चालायला आधी पोटाला अन्न लागते. पण पैसे नाही मागितले. मागितले एवढेच की, तुमचे एखादे अनुकूल पत्र आले तर इथल्या विद्यापीठाकडून किंवा सरकारकडून शिष्यवृत्ती मिळायला उपयोग होईल. हार्डींना जे सहज देता येईल आणि आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी पडेल, नेमके तेच मागितले. इकडे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर, हेही एके काळचे केंब्रिजचे पहिले रँग्लर, मद्रासला आले असता त्यांनी रामानुजन यांचे काम पाहून विद्यापीठाला शिफारस लिहिली. मद्रास विद्यापीठाने नियमाला मुरड घालून, पदवी नसलेल्या या माणसाला १ मे १९१३ पासून दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपण सहसा सांगत नाही. मूळ संख्यांविषयीचा तो दावा, ज्यावरून पत्रव्यवहाराला तोंड फुटले, तो चुकीचा निघाला. लहान संख्यांना सूत्र छान लागू पडत होते, पण रामानुजन म्हणत होते तितके अचूक ते नव्हते. ही चूक हार्डी आणि लिटलवुड यांनी काढली. एकट्याने दहा वर्षे काम करण्याची ही किंमत होती. एवढेच नव्हे, तर त्यांनी कष्टाने शोधलेल्या पुष्कळशा गोष्टी युरोपात शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच सापडलेल्या होत्या, हेही त्यांना उशिरा कळले. कुंभकोणमच्या ओट्यावर बसून त्यांना ते कळणार कसे? विहीर खणावी, पण शेजारच्या शेतात आधीच पाणी लागले आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे, असे आपण म्हणतो ना, त्यातलाच हा प्रकार.

१७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीने निघाले आणि एप्रिलमध्ये विलायतेला पोहोचले. शिष्यवृत्ती वर्षाला २५० पौंड. त्यातून आईवडिलांना दरमहा पैसे जावेत, अशी सोय त्यांनी निघण्याआधीच करून ठेवली. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. तरीही काम जोरात चालले. हार्डी आणि ते जवळजवळ रोज भेटत. रामानुजन रोज चार-सहा नवी सूत्रे दाखवीत. अडले की विचारीत, चुकले की हार्डी सांगत. १९१६ च्या मार्चमध्ये संशोधनावर त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली. १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजचेही फेलो झाले, आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

इथपर्यंत पाहिले तर वाटेल, मदत मागण्याची कला या माणसाला पुरती साधली होती. पण आता दुसरी बाजू ऐका.

त्यांच्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. केंब्रिजला त्या वेळी प्रशांतचंद्र महालनोबीस नावाचा एक बंगाली विद्यार्थी शिकत होता. यांनीच पुढे १९३१ साली कलकत्त्याला संख्याशास्त्राची मोठी संस्था उभारली. एके दिवशी ते रामानुजन यांच्या खोलीवर गेले. रामानुजन शेगडीला अगदी चिकटून बसलेले. महालनोबीसांनी विचारले, रात्री थंडी वाजत नाही ना? ते म्हणाले, वाजते. ओव्हरकोट अंगात घालून, वर शाल गुंडाळून झोपतो, तरी वाजते. महालनोबीस आतल्या खोलीत गेले, पांघरुणे पुरेशी आहेत की नाहीत ते पाहायला. पाहतात तो काय! पलंगावर घोंगड्यांची चांगली चवड होती. पण विलायती पद्धतीप्रमाणे त्या गादीखाली घट्ट खोचलेल्या, आणि वर पलंगपोस टाकलेला. त्या सोडवून त्यांच्या आत शिरून झोपायचे असते, हे रामानुजन यांना ठाऊकच नव्हते. ते आपले घोंगड्यांच्या वरच कुडकुडत झोपत होते. महालनोबीसांनी घोंगडी उलगडून दाखवली, तेव्हा त्यांना फार बरे वाटले.

श्रोतेहो, या गोष्टीला आपण हसतो. पण थोडे थांबून विचार करा. ज्या माणसाने सात समुद्रांपलीकडच्या अनोळखी प्राध्यापकाला पत्र लिहिण्याचे धाडस केले, त्याने शेजारच्या खोलीतल्या माणसाला 'मला थंडी वाजते' एवढे का म्हणू नये?

माझ्या मते याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, गणितात आपल्याला काय येत नाही ते त्यांना ठाऊक होते. घोंगड्यांच्या बाबतीत विचारण्यासारखे काही आहे, हेच ठाऊक नव्हते. विलायतेत थंडी असायचीच, ती सोसायची असते, असे त्यांनी धरून चालले. दुसरे कारण जास्त खोल आहे. गणितातली अडचण ही कामाची अडचण. ती सांगताना माणूस लहान होत नाही. थंडी, भूक, एकटेपणा या अडचणी देहाच्या आणि मनाच्या. त्या सांगताना मूठ उघडते. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची!

पुढे काय झाले पाहा. ते कडक शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहात जेवत नसत, खोलीवर स्वतः शिजवत. युद्धामुळे भाजीपाला, तांदूळ मिळणे कठीण. कामाच्या तारेत वेळीअवेळी जेवण. घरची पत्रे येईनाशी झाली होती. घरात सासू-सुनेचे बिनसले होते, ते दुःख निराळेच. १९१७ च्या वसंतात ते आजारी पडले. त्यानंतर दोन वर्षे एका रुग्णालयातून दुसऱ्यात अशी गेली. १९१८ च्या सुरुवातीला तर, लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर त्यांनी स्वतःला झोकून दिले. एका रक्षकाने वेळीच वीज बंद केल्यामुळे गाडी थांबली आणि ते वाचले. हार्डी धावून गेले आणि त्यांनी पोलिसांपासून त्यांची सुटका केली. रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली ती याच्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे जगाला जो कीर्तीचा कळस दिसत होता, त्याच्या पायथ्याशी हा अंधार होता.

त्यांचा आजार त्या वेळच्या डॉक्टरांनी बहुधा क्षय मानला. १९९४ साली यंग नावाच्या एका अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे तपासून निराळे अनुमान काढले. पूर्वी झालेल्या आवेचे जंतू शरीरात राहून पुढे यकृताला झालेला तो विकार असावा, असे त्यांचे म्हणणे. १९०६ साली रामानुजन आवेने आजारी पडले होते, हे आपण पाहिलेच. हे अनुमान खरे असेल, तर या रोगावर उपाय त्या काळीही होता. पण अकरा वर्षांपूर्वी मद्रासला असे दुखणे झाले होते, ही गोष्ट विलायतेच्या रुग्णालयात महत्त्वाची ठरेल, हे रोग्याला कसे कळावे? आणि डॉक्टरांनी खोदून विचारल्याशिवाय बाहेर कशी यावी? पुन्हा तीच घोंगडी.

२७ मार्च १९१९ रोजी रामानुजन बोटीने मुंबईच्या धक्क्यावर उतरले. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. शरीर पार खंगले होते. पण डोके चालूच होते. १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी हार्डींना अखेरचे पत्र लिहिले, त्यात एका अगदी नव्या शोधाची वार्ता होती. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला ते वारले. वय अवघे ३२.

हार्डींनी पुढे एक खंत बोलून दाखवली, ती प्रत्येक शिक्षकाने ऐकावी. ते म्हणाले की, हा माणूस मला जवळजवळ रोज भेटत होता. त्याच्या पूर्वायुष्याविषयी, त्याने काय वाचले होते याविषयी मी हवे ते विचारू शकलो असतो. पण रोज तो नवी सूत्रे पुढे ठेवी, तेव्हा बाकीचे विचारायचे राहूनच गेले. हार्डींनी रामानुजन यांच्यासाठी अपार केले, त्यात शंका नाही. तरी सूत्रांच्या गर्दीत माणसाची विचारपूस मागे पडली, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे मान्य केले.

आता आपल्या मुलांकडे वळू. संशोधनाला लागलेल्या तरुणाला मी आपल्या गाडीवानाचे उदाहरण देईन. गाडी चिखलात रुतली की गाडीवान लगेच ओरडत नाही. आधी स्वतः उतरतो, चाकाला खांदा देतो, खाली दगड सरकवतो, बैलांना चुचकारतो. हे करायलाच हवे. त्याशिवाय चिखल किती खोल आहे ते कळत नाही. पण चाक फिरते आहे, गाडी पुढे जात नाही, उलट चाक अधिकच खाली बसते आहे असे दिसले, की शहाणा गाडीवान हाक मारतो. रात्र पडेपर्यंत थांबत नाही. संशोधनातही तेच. झगडताना रोज काही नवे कळत असेल, तर झगडत राहावे. तेच ते पुन्हा पुन्हा होऊ लागले आणि नवे काहीच कळेना, की हाक मारावी.

हाक मारताना रामानुजन यांचे पत्र आठवावे. आपण काय केले ते दाखवावे. कुठे अडले ते नेमके सांगावे. काय येत नाही ते लपवू नये. ज्याला त्या विषयाचे कळते त्यालाच विचारावे, आणि तीन दारे बंद झाली तर चौथे ठोठवावे. पाटी मात्र पुसू नये! केलेल्या प्रयत्नांची टिपणे ठेवावीत, चुकलेल्यांचीसुद्धा. विचारायला गेल्यावर तीच उपयोगी पडतात.

आणि थंडी, भूक, दुखणे, मनाची उदासी यांच्या बाबतीत गाडीवानाचाही हिशेब नको. तिथे खांदा देऊन पाहणे नको की वाट पाहणे नको, लगेच सांगावे. मित्राला, मार्गदर्शकांना, घरच्यांना, डॉक्टरांना. या बाबतीतली झाकलेली मूठ सव्वा लाखाची नसते.

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. ज्याला घोंगडी कशी वापरायची ते ठाऊक नाही, तो घोंगडीविषयी विचारणार नाही. तिथे दुसऱ्या कोणी तरी आतल्या खोलीत जाऊन पाहावे लागते. महालनोबीस त्या वेळी विशीतले होते, स्वतःच विद्यार्थी होते. त्यांनी मोठे काही केले नाही. एक साधा प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकून स्वस्थ न बसता चार पावले आत गेले.

शिक्षकबंधूंनो, आईबापांनो, तुमचा विद्यार्थी, तुमची मुलगी दूरच्या गावी संशोधन करीत असेल. पुढच्या खेपेला फोन कराल, तेव्हा 'कसं काय चाललंय?' असे विचारू नका. त्याचे उत्तर ठरलेले आहे. दुपारी काय जेवलास, खोलीत कोण सोबतीला असते, मार्गदर्शक शेवटचे कधी भेटले, रात्री झोप लागते का, असे विचारा. आणि थंडीचे दिवस असतील, तर पांघरूण पुरते का, हेही विचारा.